हातमागाला यंत्रमागाची मोजपट्टी

विमा कंपनी ‘कार्यक्षम’ आहे असं म्हणतात, तेव्हा नेमकं काय मोजतात? कर्मचारी किती, एजंट किती, भांडवल किती आणि त्यातून विमा किती उतरवला, दावे किती भागवले. कमी खर्चात जास्त काम करणारी कंपनी ही कसोटी. बाकीच्या तिच्यामागे किती, ते अर्थशास्त्रज्ञ काढतात. हिशेब सरळ दिसतो. पण मेख आहे. मालेगावात हातमागावरचा कसबी विणकर आणि यंत्रमागावरचा कामचुकार कारागीर यांचं कापड मीटरवर मोजा, कामचुकार जिंकेल. विणकर कमी पडला की माग? म्हणून अभ्यासक आता दोन अंतरं वेगळी काढतात. हाती असलेल्या साधनांत कंपनी किती मागे आहे, आणि मुळात तिची साधनंच किती मागे आहेत.

विकसनशील देशांत हे दुसरं अंतर फार जाणवतं. आपल्याकडे १९५६ साली २४५ विमा संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ झालं. साठच्या दशकात कलकत्त्यात तिथे संगणक यायचा होता, तो नोकऱ्या जातील म्हणून कर्मचाऱ्यांनी रोखून धरला. (ती भीती मला अडाणीपणाची वाटत नाही.) २००० नंतर खासगी कंपन्या आल्या त्या संगणकासकट. शिवाय विमा विकायला बँकेचं तयार काउंटर. महामंडळाचा एजंट वाड्यावस्त्यांवर फिरत होता. या दोघांना एकच फूटपट्टी लावायची?

आता केनिया पाहा. तिथे २००९ साली ‘किलिमो सलामा’, म्हणजे सुरक्षित शेती, नावाचा विमा आला. बियाणं-खत घेतानाच विमा उतरवायचा. स्वयंचलित हवामान केंद्राने पाऊस कमी नोंदवला की भरपाई थेट मोबाइलवर. पंचनामा नाही, खेटे नाहीत. खर्च इतका उतरला की एकरभर शेतीचा विमाही कंपनीला परवडू लागला.

पण पाऊस केंद्रावर पडला आणि माझ्या बांधावर पडलाच नाही, तर? आपल्याकडच्या हवामानावर आधारित फळपीक विम्यातही साक्ष केंद्राची, बागेची नव्हे. ज्याला मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही, त्याचा रकाना कार्यक्षमतेच्या हिशेबात नसतो. केंद्रं दाट केली, पीककापणीच्या प्रयोगांची जोड दिली, तर खर्च वाढेल आणि कंपनी मोजपट्टीवर खाली येईल. अशी खाली आलेली कंपनी अभ्यासकांनी वेगळी ओळखावी, तिला आळशांच्या रांगेत बसवू नये.