मॉरिशस: किनारा सोडून आत

मॉरिशसचा नकाशा उघडला की चार मित्रांचा हिशेब लगेच जमतो. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. भाड्याची गाडी घ्यायची, वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, म्हणजे एका दिवसात बेटाला फेरी घालून मोकळं. फेरी होते खरी, पण तिच्यात हॉटेलांची फाटकं आणि मधूनमधून निळं पाणी एवढंच दिसतं. या बेटाची खरी गंमत आतल्या पठारावर आणि लहान गावांत आहे.

विमानतळ आग्नेयेला, त्यामुळे सुरुवात जवळच्या माहेबूरपासून करावी. जमल्यास सोमवारी, त्या दिवशी तिथला बाजार भरतो. समोरच्या उपसागरात ऑगस्ट १८१० मध्ये फ्रेंचांनी इंग्रजांच्या आरमाराला हरवलं. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला हा एकमेव सागरी विजय. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजांनी उत्तरेकडून सैन्य उतरवून बेट घेतलंच, पण इथली भाषा, धर्म आणि रीतिरिवाज जपण्याचं कबूल केलं. म्हणून आजही गावांची नावं फ्रेंच, सरकारी कारभार इंग्रजीत आणि रस्त्यावरची बोली क्रिओल.

खाण्याला मात्र खास ओळख लागत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर ‘दोल पुरी’ मिळते. पुरणपोळीतला गूळ वगळून पुरण तिखटमिठाशी जुळवून घ्यावं, तशी ही हरभऱ्याच्या डाळीची पातळ पोळी. ती जोडीनंच देतात. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ आणि टोमॅटोचा रस्सा. ज्या गाडीपुढे रांग असेल तिथंच थांबावं.

दक्षिण किनाऱ्यानं सुइयाककडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतात. जमीन ज्वालामुखीची. लागवडीआधी मजुरांनी हातांनी दगड वेचले आणि तिथंच रचले. पुढे ग्री-ग्रीला समुद्राचा सूर एकदम बदलतो. बेटाभोवतालचं प्रवाळाचं कडं इथं तुटलं आहे, त्यामुळे लाटा थेट कड्यावर आदळतात. इथं पोहायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

मग गाडी वर वळवावी. हवा गार होते, चहाचे मळे लागतात, पाऊस कधीही गाठतो. गंगा तलाव हे खरं तर ज्वालामुखीचं विवर. काठावर १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे आणि महाशिवरात्रीला लोक बेटभरातून कावडी घेऊन पायी येतात. त्या दिवसांत इथं गाडी आणण्याचा नाद सोडावा.

शेजारचं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान १९९४ चं. दरीच्या कडेला मान वर करून थोडा वेळ द्यायला हवा, कारण इथं मॉरिशसचा छोटा ससाणा दिसू शकतो. १९७४ मध्ये रानात असे चारच पक्षी उरल्याचं माहीत होतं. डीडीटीची फवारणी, तुटलेलं जंगल आणि बाहेरून आलेली माकडं, मुंगसं यांनी त्याला संपवत आणलं होतं. कार्ल जोन्स या वेल्समधून आलेल्या जीवशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरट्यांतली अंडी काढून कृत्रिम उबेवर उबवली. मादी पुन्हा अंडी घालते, हे त्यामागचं गणित. पिल्लं वाढवून रानात सोडली आणि संख्या काहीशेंवर गेली. डोडोचे पुतळे, टोप्या, बाहुल्या बेटावर सगळीकडे विकत मिळतात. वाचलेल्या या पक्ष्याची तेवढी जाहिरात नाही, ही जरा अन्यायाचीच गोष्ट.

शामारेलचा उतार वळणावळणाचा आहे, गाडी चालवणाऱ्याशी गप्पा तेवढ्यापुरत्या थांबवाव्यात. तिथली सप्तरंगी माती म्हणजे बेसॉल्ट झिजून उरलेली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. रंग सातच का, हे मोजण्यात वेळ घालवू नये. खाली किनाऱ्यावर ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न उभा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरात लपत, म्हणून २००८ पासून तो जागतिक वारसा आहे.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. त्याआधीच, १८३४ पासून, ऊसमळ्यांसाठी भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, यायला लागले होते. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट त्यांच्या नोंदणीचा. सुमारे साडेचार लाख माणसं मॉरिशसला आली. त्यांत रत्नागिरीकडून मुंबई बंदरातून निघालेली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आज बरेचसे व्हाक्वा आणि ब्लॅक रिव्हर भागात राहतात. घरात बहुतेक क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकायची सोय आहे, आणि कोकणातली जाखडी इथं ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते.

मित्रांच्या सुट्ट्या जुळत असतील तर भाद्रपद चांगला. चक्रीवादळं मुख्यतः जानेवारी ते मार्चमधली, भाद्रपदात त्यांचा धोका नसतो. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते.