अभिरूप खेळ, अध्यापनातील

प्रत्यक्ष जीवनातील एखाद्या परिस्थितीतील वा यंत्रणेतील मोजके महत्त्वाचे घटक व त्यांचे परस्परसंबंध निवडून त्यांची सोपी प्रतिकृती तयार करणे आणि तीत विद्यार्थ्यांना निर्णय घ्यावयास लावून त्यांचे परिणाम अनुभवू देणे, या अध्यापनपद्धतीस अभिरूपण म्हणतात. अभिरूपणास नियम, फेऱ्या व गुणांकन यांची जोड दिली, म्हणजे अभिरूप खेळ होतो. खेळाडूचा निर्णय हे त्याचे मुख्य लक्षण होय. महाराष्ट्रात परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जाणारा मोक्षपट हा सद्‍गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप दाखवून नीतीचा बोध करतो. परंतु त्यात सोंगटीची वाटचाल सर्वस्वी दानावर अवलंबून असल्याने तो बोधपर खेळ ठरतो, अभिरूप खेळ नव्हे.

या पद्धतीचा उगम लष्करी शिक्षणात झाला. प्रशियात राइसव्हिट्स यांनी १८१२ मध्ये राजापुढे युद्धखेळ मांडला व त्यांच्या पुत्राने १८२४ मध्ये त्यास व्यवस्थित रूप दिले. त्यात नकाशावर सैन्यदर्शक ठोकळे हलवीत, अनिश्चिततेसाठी फासे वापरीत व पंच परिणाम ठरवी. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ च्या सुमारास वैमानिकांसाठी जमिनीवरील प्रशिक्षणयंत्र तयार केले. अमेरिकन लष्कराने १९३४ मध्ये अशी सहा यंत्रे विकत घेतली. चुकीची किंमत जिथे प्राणाने मोजावी लागते, तिथे चूक करून शिकण्याची सोय हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. पुढे १९५० नंतरच्या दशकात व्यवस्थापनशिक्षणात व १९६० नंतर शाळा-महाविद्यालयांत तिचा प्रसार झाला. भारतात मुंबई येथील १९६२ च्या चौथ्या अखिल भारतीय प्रतोद परिषदेने शिक्षणसंस्थांत अभिरूप संसद भरविण्याची शिफारस केली व दिल्लीतील शाळांत १९६६-६७ पासून युवक संसदेची योजना सुरू झाली.

अभिरूप खेळातून ज्ञान कसे होते, हे मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जे फॉरेस्टर व त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास तयार केलेल्या ‘बीअर वितरण खेळा’वरून स्पष्ट होते. यात किरकोळ व्यापारी, घाऊक व्यापारी, वितरक व कारखानदार अशा चार भूमिका असतात. प्रत्येक फेरी एका आठवड्याची मानतात. प्रत्येकाने शेजाऱ्याची मागणी पुरवावयाची व स्वतःची मागणी पुढे नोंदवावयाची. मात्र आपसांत बोलावयाचे नाही. मागणी पोहोचण्यास व माल येण्यास काही आठवडे लागतात. पडून राहिलेल्या मालावर खर्च पडतो व न पुरविलेल्या मागणीवर त्याच्या दुप्पट. ग्राहकांची मागणी आरंभी आठवड्यास चार पेट्या असते. ती पाचव्या आठवड्यात आठ होते व पुढे तशीच राहते. एवढ्या एका बदलाने प्रथम सर्वत्र टंचाई व नंतर मालाचे ढीग निर्माण होतात आणि ही आंदोलने कारखान्याकडे जाताना वाढत जातात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च शक्य त्या किमान खर्चाच्या सुमारे दसपट आढळला. मागविलेला परंतु वाटेत असलेला माल खेळाडू हिशेबात धरीत नाहीत, हे त्याचे प्रमुख कारण होय.

खेळ संपताच खेळाडू सामान्यतः शेजाऱ्यास किंवा ग्राहकास दोष देतात. ग्राहकांच्या मागणीचा आलेख काढावयास सांगितल्यास बहुतेक जण चढउतारांची रेषा काढतात. खरा आलेख दाखविल्यावरच गोंधळाचे मूळ व्यक्तींत नसून व्यवस्थेच्या रचनेत होते, हे त्यांच्या ध्यानी येते. चर्चा न होता वर्ग सुटला, तर शेजारी नालायक होता एवढीच शिकवण विद्यार्थी घेऊन जातील. म्हणून पूर्वतयारी, प्रत्यक्ष खेळ व खेळोत्तर चर्चा या तीन टप्प्यांपैकी शेवटचा टप्पा अनिवार्य होय. चर्चेत प्रथम काय घडले, नंतर ते का घडले व अखेरीस वास्तवाशी त्याचे साम्य-भेद कोणते, या क्रमाने विचार व्हावा. शिक्षकाने तीत निष्कर्ष सांगण्याऐवजी प्रश्न विचारावेत.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. तीस वेळ अधिक लागतो, मोठ्या वर्गात ती अवघड जाते व सुट्या माहितीच्या पाठांतरास ती उपयोगी नाही. जिंकण्याच्या ईर्षेने विषय मागे पडण्याचा संभव असतो. सर्वांत मोठा धोका प्रतिकृतीतच असतो : वास्तवातील कोणते घटक घ्यावयाचे व कोणते वगळावयाचे, हे खेळाचा कर्ता ठरवितो व त्याची गृहीतके नियमांच्या रूपाने निमूटपणे स्वीकारली जातात. संगणकामुळे अभिरूपण अधिक हुबेहूब झाले असले, तरी नियम यंत्रात दडल्याने ही गृहीतके ओळखणे अधिक कठीण झाले आहे. यास्तव खेळाचे नियम कोणी व कोणत्या समजुतीवर केले, हा प्रश्नही खेळोत्तर चर्चेचा भाग असणे आवश्यक आहे.