हाली सिक्क्याच्या नोटेवरील भाषाव्यवस्था

तीर्थपुरी आणि आजचा सारा जालना जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असे. या संस्थानाचे चलन ‘हाली सिक्का’ या नावाने ओळखले जाई. ‘हाली’ म्हणजे चालू काळातला. मराठीतील ‘हल्ली’ हा शब्दही त्याच अरबी मुळाचा. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयास ‘कलदार’, म्हणजे यंत्रावर पाडलेला, असे म्हणत. सात हाली रुपये सहा कलदारांच्या बरोबरीचे मानले जात.

पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई भासू लागली, तेव्हा 1918 साली संस्थानाने कायदा करून दहा व शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. 1919 साली एक व पाच रुपयांच्या, आणि 1926 साली हजाराच्या नोटेची त्यांत भर पडली.

नाण्याची पारख वजनाने व नादाने करता येते. अक्षरओळख नसली तरी अडत नाही. नोटेला ना वजन, ना नाद. तिचे मूल्य सर्वस्वी तिच्यावरील लेखनात साठवलेले असते. म्हणूनच नोटेवरील भाषांची मांडणी ही केवळ सजावटीची बाब ठरत नाही. हैदराबादच्या नोटेवर मुख्य मजकूर उर्दूत असे. मराठी, तेलुगू व कन्नड या प्रजेच्या भाषांना मूल्य सांगण्यापुरती जागा मिळे. सरकारचा शब्द एका भाषेत आणि रकमेचा आकडा दुसऱ्या भाषेत, अशी ही विभागणी होती. उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठही 1918 सालीच स्थापन झाले, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. मात्र तेवढ्या एका ओळीमुळे उर्दू न जाणणाऱ्या मराठी वाचकास हातातील कागद एकाचा की दहाचा, हे परक्यास न विचारता कळू शकत होते. त्या ओळीचे मोल कमी लेखता येणार नाही.

1959 साली हाली चलन रद्द झाले. भाषेचा प्रश्न भारतीय नोटांवरही उद्भवला होता; ‘रुपया’ या शब्दाचे हिंदी अनेकवचन ‘रुपये’ असावे, हा निर्णय 1953 च्या नव्या नोटांच्या वेळी झाला. आजच्या नोटेवरील भाषापट्टीत पंधरा भाषा आहेत. त्यांचा क्रम त्यांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरांनुसार असून मराठी आठवी येते. तेथेही मराठीच्या वाट्यास मूल्यच आले आहे. वचन मात्र हिंदी व इंग्रजीतच दिलेले असते.