प्रत्यारोपित मूत्रपिंड किती वर्षे टिकते?

शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न आम्हांस हमखास विचारतात. जिवंत दात्याचे मूत्रपिंड सरासरी १५ ते २० वर्षे काम देते, मेंदूमृत दात्याचे त्याहून काहीसे कमी. परंतु ही सरासरी आहे. प्रत्येक रुग्णाचे उत्तर निराळे असते.

डॉ. जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्यामुळे रुग्णाच्या शरीराने तो अवयव परका मानला नाही. इतरांच्या शरीरात मात्र प्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडावर हल्ला करते. तिला आवर घालणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे पुढे आली आणि हे उपचार सर्वांच्या आवाक्यात (खर्चाच्या नव्हे, शक्यतेच्या) आले.

दात्याचे वय, ऊतींची जुळणी, रुग्णाने डायलिसिसवर काढलेला काळ, अवयव बर्फात किती तास राहिला, या सर्वांचा परिणाम होतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर यांतील काहीही बदलता येत नाही. हाती उरतात ती औषधे.

खरा धोका प्रकृती सुधारल्यावर सुरू होतो. रुग्ण कामावर जाऊ लागतो, गोळ्या महाग वाटतात, एखादी वेळ चुकते. मूत्रपिंड नाकारले जात असताना बहुधा दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर हानी झालेली असते. उलट औषधाची मात्रा अधिक झाली तर जंतुसंसर्ग बळावतो. आपल्याकडे क्षयाचे भय मोठे, आणि क्षयावरील रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण झपाट्याने घटवते. काही प्रतिजैविके व पपनस ते वाढवतात. वेदनाशामक गोळ्या तर थेट मूत्रपिंडासच अपाय करतात. म्हणून आम्हांस विचारल्यावाचून बाहेरचे कोणतेही औषध, काढा वा भस्म घेऊ नये.

शस्त्रक्रियेसाठी मदतीचे हात सहज पुढे येतात. दहाव्या वर्षीच्या गोळ्यांसाठी कोणी येत नाही. देणगीदारांनी आपल्या देणगीचा काही भाग या औषधांसाठी राखून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

नातेवाइकांसाठी एक सूचना: टॅक्रोलिमसच्या तपासणीदिवशी सकाळची गोळी सोबत आणावी व रक्त दिल्यानंतरच घ्यावी. आधी घेतल्यास प्रमाण खोटे वाढलेले दिसते आणि मात्रा विनाकारण कमी केली जाऊ शकते.