रानडुकराला गोळी घालता येते का? (भागाचा लेखी मजकूर)

बदलापूर लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल, तर आधी जरा आत सरका.

माझ्या मामाचं शेत बारवी धरणाच्या बाजूला आहे. गेल्या वर्षी कापणीला आलेलं भात रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलं. डुक्कर खातं थोडं, तुडवतं जास्त. मामा वैतागून म्हणाला, "कुंपणात करंटच सोडतो." मी म्हटलं, "मामा, नको रे, डुकराआधी माणूस मरेल." आपल्या राज्यात अशा तारांना चिकटून माणसंही गेलीत आणि वाघही. शिवाय तो गुन्हा आहे.

"मग सरळ गोळी घालायची परवानगी का नाही देत?" मामाने विचारलं. तर गंमत अशी, की देतात!

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवाने बंद झाले. पण कलम ११ मध्ये एक वाट आहे: प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरला, तर वन अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. बिबट्या-अस्वलासाठी अट कडक, तिथे फक्त जिवाचा धोका धरतात, पिकाचा नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, यांच्यासाठी ही वाट शेतकऱ्यांना सोपी केली. आणि मारलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं. त्यामुळे मटणाची पार्टी विसरा.

२०१६ मध्ये अशा परवानग्यांवरून केंद्रातले दोन मंत्री, प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी, जाहीरपणे भिडले होते. एकाला शेतकरी दिसत होता, दुसऱ्याला प्राणी. मला वाटतं, खरा प्रश्न मोजणीचा आहे.

अमेरिकेत काळ्या अस्वलांची शिकार कायदेशीर आहे, पण हिशेबात. आधी अस्वलांचा अंदाज, मग किती मारायची तो आकडा, ठरलेला हंगाम, आणि मारलेल्या प्रत्येक अस्वलाची नोंद. फ्लोरिडात २०१५ मध्ये मर्यादा ३२० ची होती. दोन दिवसांत ३०४ अस्वलं मारली गेली आणि शिकार तिथेच थांबवली. लोक तरीही चिडले. पण थांबवता आली, कारण कोणीतरी मोजत होतं.

आपल्याकडे परवानगी मिळते ती तक्रारीवर. डुकरं किती, किती मारली तर पीक वाचेल, हे आधी ठरत नाही. एक कळप मारला आणि शेताला लागून झाडी तशीच राहिली, तर दुसरा येतोच. म्हणून नुसती बंदूक म्हणजे व्यवस्थापन नव्हे.

तुमच्याही घरच्या शेतात नुकसान झालं, तर तुडवलेल्या पिकाचे फोटो काढा, लगेच वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज भरा. वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६.

मामाने करंट सोडला नाही. अर्ज मी मोबाइलवरून भरून दिला. यंदा तो रात्री माचाणावर बसतो, डबा वाजवतो. झोप मात्र अजून पुरी होत नाही त्याची.

तुमच्या गावात काय करतात? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!