फुलपाखराऐवजी आलेली पाहुणी

गोष्ट गेल्या भाद्रपदातली. गणपती नुकतेच गेले होते आणि टिटवाळा स्टेशनवरची भाविकांची गर्दी जरा ओसरली होती. आमच्या इमारतीच्या मागे अजून एक भातखाचर शिल्लक आहे. मी इथे राहायला आलो तेव्हा खिडकी उघडली की भातच भात दिसे. आता दोन इमारतींच्या फटीतून दिसेल तेवढाच आपला. त्या खाचराच्या बांधावरून माझी नऊ वर्षांची नात एक पान घेऊन आली. पानाच्या कडा आत वळवून, रेशमाचे टाके घालून कुणीतरी त्याची छान सुरळी केली होती. आत एक हिरवी अळी होती.

‘‘आजोबा, हिचं फुलपाखरू होणार ना?’’

‘‘होणार तर!’’ मी शाळामास्तराच्या आत्मविश्वासाने म्हणालो. छत्तीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवले, तेव्हा एवढे तर ठाऊक असणारच. लोणच्याची रिकामी बरणी निघाली, तोंडाला जुन्या पातळाचा तुकडा बांधला, रोज ताजे भाताचे पान घालणे सुरू झाले. अळीला नाव ठेवले गेले, तिच्या नावाने शाळेत बढाया मारल्या गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बरणीकडे बघून नात रडतच माझ्याकडे आली. अळी मलूल पडली होती आणि तिच्या अंगाला बिलगून तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे कोष लागले होते. कापसाची बोंडे फुटावीत तसे. मी बरणी टाकून द्यायला निघालो, पण नातीने अडवले. ‘‘टाकू नका. त्यातून काय येतं ते बघायचंय.’’ सहा दिवसांनी बरणीत काळ्या माश्या फिरू लागल्या. मुंगीहूनही लहान, पण पंख असलेल्या.

‘‘माझं फुलपाखरू कुणी खाल्लं?’’ तिने विचारले. मास्तरांकडे उत्तर नव्हते.

लहानपणी गावच्या कीर्तनात भृंगकीटकन्याय ऐकला होता. कुंभारीण माशी अळीला धरून मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीचीच माशी होते, असे बुवा रंगवून सांगत. देवाचे चिंतन करणारा देवच होतो, हा त्यातला भाव. दृष्टांत म्हणून तो गोड आहेच. पण माशी बाहेर पडते ती अळीचे रूप पालटून नव्हे, तर अळी खाऊन. मातीच्या घरात अळीला कोंडताना कुंभारीण स्वतःचे अंडेही ठेवते. आमच्या बरणीत घडले ते याच नात्यातले, फक्त मातीच्या घराऐवजी अळीचे शरीरच घर झाले होते.

मग मी वाचायला बसलो. भाताच्या पानाची सुरळी करणाऱ्या या अळीचे फुलपाखरू म्हणजे ‘बोर्बो सिनारा’, इंग्रजीत ‘राइस स्विफ्ट’. तपकिरी, पंखांवर फिकट ठिपके असलेले, झपकन उडणारे. आणि या अळीवर जगणारी एक गांधीलमाशी विज्ञानाला अगदी अलीकडे ठाऊक झाली, हे वाचून मी चकित झालो. 2013 साली अंकिता गुप्ता, स्वप्निल लोखंडे आणि अभय सोमण यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात द्वीपकल्पीय भारतातल्या या कुळातील फुलपाखरांच्या परजीवींवर शोधनिबंध लिहिला आणि त्यात एक नवी जात नोंदवली: ‘डोलिकोजेनिडिया सिनारी’. ज्या अळीला खाऊन ती वाढते, त्या अळीचेच नाव तिला मिळाले. आमच्या बरणीतली माशी तीच होती, असा दावा मी करणार नाही. तो निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली, जाणत्या माणसानेच करायचा असतो. पण त्या निवाड्यात काय काय पाहतात, ते वाचताना मला माझीच शिकवणी नव्याने झाल्यासारखे वाटले.

आपल्या डोळ्यांना हा नुसता काळा ठिपका. या गटातल्या माश्या साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या. भिंग धरले की ठिपक्याला डोके, छाती, पोट फुटतात. डोक्यावर दोन लांब मिशा, आणि प्रत्येक मिशीला मोजून अठरा पेरे. ही माशी ज्या उपकुळातली, त्यातल्या सगळ्यांना अठराच. मग येते ती प्रसिद्ध कंबर. खरी गंमत अशी, की पोटाचा पहिला भाग छातीला जोडला गेला आहे आणि कंबर त्याच्यानंतर आहे. अशी कंबर असल्यामुळे पोट हवे तसे वळवून नेमक्या जागी टोचता येते.

पंखांचे तर शास्त्रच वेगळे. पुढच्या पंखावर शिरांच्या रेषांनी चौकटी आखलेल्या असतात. त्यांतली एक छोटी चौकट काही माश्यांत पुरी बंद असते, तर आपल्या डोलिकोजेनिडियात एका बाजूने उघडी. मागच्या पंखाच्या बुडाशी एक लहानशी पाळी असते. तिच्या कडेला बारीक केसांची झालर सलग आहे, की मधेच तुटली आहे? सलग असेल तर डोलिकोजेनिडिया. पाळी मधे सपाट किंवा आत वळलेली आणि तिथे केस नसतील तर तिची सख्खी शेजारीण अपँटेलिस. पूर्वी या सगळ्यांना एकाच अपँटेलिसच्या पोत्यात कोंबलेले होते. 1981 साली मेसन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने ते पोते सोडले आणि वेगवेगळ्या घराण्यांची वाटणी केली. वाटणीत मोठा साक्षीदार कोण? तर ही केसांची झालर! साडीचे काठ पाहून पेठ ओळखणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटू नये.

शेवटचा अवयव मादीचाच: पोटाच्या टोकाची अंडी घालायची नळी, दोन्ही बाजूंनी केसाळ म्यानात जपलेली. मधमाशीची नांगी म्हणजे याच नळीचे बदललेले रूप. मात्र ही चिमुकली आपल्याला डसत नाही. तिचे लक्ष्य एकच, सुरळीत दडलेली अळी.

अळीच्या अंगात परकी अंडी गेली तर शरीर त्यांना घेरून मारून टाकील. मग ती जगतात कशी? या माश्यांनी त्यावर तोड काढली आहे, ती ऐकून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. अंड्यांबरोबर मादी विषाणूंसारखे कण सोडते आणि ते अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतात. हे कण बनवायची कृती माशीच्या स्वतःच्याच गुणसूत्रांत लिहिलेली असते. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी एक खरा विषाणू तिच्या पूर्वजांच्या वंशात कायमचा वस्तीला आला, त्याची ही खूण.

हे सगळे नऊ वर्षांच्या मुलीला सांगायचे कसे? क्रूरच आहे ना हे? तोच प्रश्न चार्ल्स डार्विनला पडला होता. 1860 साली अमेरिकेतल्या आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, एसा ग्रे यांना, लिहिलेल्या पत्रात त्याने या जातकुळीच्या माश्यांचा दाखला दिला: जिवंत अळ्यांवर पोसणारी माशी कुणा दयाळू देवाने हेतुपूर्वक घडवली असेल, हे त्याच्या मनाला पटेना.

पण नाण्याची दुसरी बाजू शेतकऱ्याला विचारावी. 2008 साली कोइमतूरला परदेशी पिठ्या ढेकूण पपईवर आढळला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातल्या बागांतही पसरला. फवारण्या करून लोक थकले. 2010 साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिकोहून परजीवी माश्या आणवून सोडल्या. त्यांतल्या ‘असेरोफॅगस पपई’ या इवल्या माशीने त्या किडीला असा आळा घातला, की बागा पुन्हा उभ्या राहिल्या. गोव्यातूनही 2015 साली फुलपाखरांवरच्या अशा दोन परजीवी माश्या नव्याने नोंदल्या गेल्या. म्हणजे आपल्या बांधावर, आपल्या माडावर कोण कोण राबते आहे, याची हजेरी अजून पुरी झालेलीच नाही.

खाचराचे मालक, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, त्यांना मी बरणी दाखवली. ते हसले. ‘‘या बारक्या माश्या होय? त्या तर नेहमीच दिसतात. नाव ठाऊक नव्हतं एवढंच.’’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘पानं गुंडाळलेली दिसली की लोक लगेच पंप पाठीला लावतात. त्यात अळी मरते आणि ही पण मरते.’’ मग खाचराकडे पाहत, काही विशेष नसल्यासारखे त्यांनी सांगून टाकले, ‘‘पुढच्या वर्षी इथे भात नाही. जागेचं बोलणं झालंय.’’

घरी येऊन मी नातीला सगळे सांगितले. कंबर, झालर, अठरा पेरे, पपईची गोष्ट, सगळे. तिने भिंगातून मिशीचे पेरे मोजायचा प्रयत्न केला. अकरापर्यंत पोहोचली आणि माशी हलली. मग तिने विचारले, ‘‘पण अळीचं वाईट वाटलं तर चालेल ना?’’

‘‘चालेल,’’ मी म्हणालो. ‘‘दोघींचंही वाटू दे.’’ छत्तीस वर्षांत वर्गात असे उत्तर मी कधी दिले नव्हते.

संध्याकाळी आम्ही बांधावर गेलो. तिने बरणीवरचे फडके सोडले. माश्या लगेच उडाल्या नाहीत. काचेच्या काठावर बसून मिशा हलवत राहिल्या. मग एकेक करून भातात नाहीशा झाल्या. भात तेव्हा पोटरीवर आला होता.

रिकामी बरणी हातात घेऊन नात म्हणाली, ‘‘आजोबा, पुढच्या वर्षी यांनी कुठे जायचं?’’

या खेपेस मी ‘‘जातील तर!’’ असे म्हणालो नाही.