श्रीनगर ते लेह : अंतर आणि काळ

श्रीनगर व लेह ही नगरे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसली आहेत. त्यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे २५५ किलोमीटर आहे. परंतु डोंगरांतून वळणे घेत जाणारा रस्ता सुमारे ४२० किलोमीटरांचा असून, त्यावरील झोजी ला ही खिंड हिवाळ्यात हिमाने बुजून जाते. १९४८ साली युद्धामुळे लेहवर संकट ओढवले, तेव्हा २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डकोटा विमान तेथे प्रथमच उतरविले.

ताशी ५०० किलोमीटर वेगाने हे अंतर अर्ध्या तासाचे होय. चढण्या-उतरण्यास लागणारा वेळ धरला असता ते पाऊण तासाच्या आसपास जाते.

शरीराचे गणित मात्र निराळे आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम दोन-तृतीयांश असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. रस्त्याने जाणाऱ्यास या विरळ हवेची सवय वाटेतच थोडीफार होते. विमानाने जाणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी किंवा धाप अंगावर काढू नये. विमानाने वाचविलेला वेळ शरीरासाठी असा खर्चावाच लागतो.